थोरल्याचा जबडा

— हात खाली. खाली घे. मांडीवर ठेव दोन्ही, शाळेत ठेवायचास तसे — गेला होतास ना शाळेत? मी गेलो चौथीपर्यंत. मास्तरांच्या खुर्चीला चिकट सरस लावण्यापुरतं शिक्षण झालं, पुढचं नको असं मास्तरांनीच सांगितलं. नाकानं श्वास घे. नाकानं रे! तोंडात साच्याचा एवढा ट्रे भरलाय तर तोंडानं कसा घेशील? हां, असा. घशाकडं काही ओघळल्यासारखं वाटेल, ते वाटतंच, घाबरायचं नाही. ओकायचं तर आधी पाय हलव, मी बाजूला होतो. आणि बोलायचं नाही. आवळून धर. चार मिनिटं. तुझ्यासारख्या माणसाला चार मिनिटं गप्प बसवायचं म्हणजे बैलाला जानवं घालण्यासारखं आहे, पण बघूया. पिशवी राहू दे पायाशी, कोणी नेत नाही. ठेवलीस तेव्हा लोखंड वाजलं, म्हणून आत काय आहे ते मी विचारलं नाही. वेल्डर माणूस आहेस, पिशवीत काय फुलं असणार?

पाचला अजून वेळ आहे. ते घड्याळ माझं पुढं आहे, त्याच्याकडं बघू नकोस. माहीत आहे मला, सगळ्या गल्लीला माहीत आहे, तूच टाकलंस ना परवा — 'पाच वाजता दवाखान्याच्या गेटवर, उरलेल्या हातासाठी'. आणि खाली ते हातोड्याचं चित्र. फोनमध्ये हातोड्याचंही चित्र मिळतं हे मला तेव्हा कळलं. पण लेका, तुझं काय झालं सांगू का, रागावू नकोस — त्याआधी तू तो धमकीचा व्हिडिओ टाकलास ना, पुढचे तीन दात नसताना, 'सोडणार नाही' म्हणायला गेलास आणि नुसती हवाच सुटली. पाहिलं मी. तीनदा पाहिलं. खाली जेवढे लाल बदाम पडले त्याच्या चौपट हसणारी तोंडं पडली. एकानं लिहिलं, 'आधी सोडवा, दात कुठं अडकलेत ते'. ते मीच लिहिलं होतं, दुसऱ्या नावानं. बस खाली! बस, हलू नकोस, ट्रे सरकला तर दात वाकडे बसतील आणि मग जन्मभर शीळ घालत बोलशील. तर म्हणून तू आज आलास. माणूस मारायला जायचं, पण आधी बत्तिशी नीट पाहिजे, कारण समोर दीडशे फोन असणार. बरोबर आहे. पूर्वी लग्नाआधी यायचे लोक माझ्याकडं.

मी काही डॉक्टर नाही हं, पाटीवर तसं लिहिलेलंही नाही. 'दात बसवून मिळतील' एवढंच. उस्तादाच्या हाताखाली शिकलो — पंचेचाळीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालतोय, त्यात सातच जण चावले. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं भरलं. ती फळी बघ समोर. मान न हलवता, नुसते डोळे फिरव. जबडे. सहाशेच्या वर असतील. ज्याचा ज्याचा साचा घेतला त्याचं प्लास्टरचं तोंड मी ठेवून देतो, खाली खिळ्यानं नाव कोरतो, वर्ष कोरतो. बायको होती तोवर म्हणायची, घरात स्मशान करून ठेवलंय. मी म्हणायचो, स्मशानात एवढं हसतात का? बघ की, सगळे हसताहेत.

तर हे सगळं धूळ खात होतं. मग माझी नात आली सुट्टीला, तिनं मला तो फोन घेऊन दिला आणि त्यात ते फोटोवालं ॲप घालून दिलं — आजोबा, यात टाका तुमचे जबडे, लोक बघतील. मी म्हटलं, जबडा काय बघायचाय, प्रत्येकाला आपापला आहे. तरी गंमत म्हणून एक टाकला. वर लिहिलं — 'ओळखा कोण?' आपला तो शाळेचा मुख्याध्यापक, वरचे दोन दात सशासारखे. अर्ध्या तासात त्याच्या बायकोनंच ओळखला! लिहिलं, 'हे आमचे हे'. अरे, मला असं वाटलं की मी परत चौथीत आहे आणि खुर्चीला सरस लावलाय. मग रोज एक. रोज सकाळी एक जबडा. पोस्टमनचा, नळवाल्याचा, वकिलीणबाईंचा — त्या भांडायला आल्या, पण जाताना म्हणाल्या, अडीचशे लोकांनी पाहिला का हो? बदाम बघायची सवय लागते रे. उठलं की आधी बदाम मोजायचे, मग तोंडात दात घालायचे. सत्तरीत मला हे लागलं, तर तुम्हा पोरांचं काय होत असेल! एखाद्या दिवशी चाळीसच पडले की दिवसभर कोणी तरी कानाखाली मारल्यासारखं वाटतं. काय चुकलं? कोणाचा जबडा टाकायला हवा होता? असं.

हे का सांगतोय? सांगतोय ते ऐक. तुझं काय जातंय, तुझं तोंड माझ्याकडं गहाण आहे.

तो दिवस आठव. बेकरीचं नवं दुकान उघडलं तो. त्या धाकट्याला — म्हणजे बेकरीवाल्याला, मी त्याला धाकटाच म्हणतो, त्याच्या बापाला थोरला म्हणायचो म्हणून — त्याला कोणी तरी सांगितलं, नुसता पाव चांगला असून आता चालत नाही, फोटो काढण्यासारखं काही तरी पाहिजे. तर त्यानं माणसाच्या उंचीचा पाव भाजला! भट्टीत मावेना म्हणून चार तुकड्यांत भाजला आणि साखरेच्या पाकानं जोडला. दारात उभा केला, वर दिवे सोडले, आणि लिहिलं, 'माझ्याबरोबर फोटो काढा'. सगळी गल्ली लोटली. पावाला मिठ्या मारताहेत, पावाचे मुके घेताहेत, एक बाई तर पावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्यासारखा फोटो काढत होती. आणि तू. तुला पावाला ठोसा मारतानाचा फोटो पाहिजे होता. रांग सोडून पुढं आलास. कोणी तरी तुला ढकललं, तू कोणाला तरी ढकललंस, त्याचा फोन खाली पडला, फोनवर कोणाचा तरी पाय पडला — आणि संपलं. माणसाचं डोकं फुटलं तर लोक विचार करतात, फोन फुटला की करत नाहीत.

पहिला फटका तूच दिलास, मी पाहिलं. त्या सायकलवाल्याच्या नाकावर. नाक असं बाजूला गेलं, रक्त थेट त्या पावावर, पांढऱ्या पाकावर लाल. आणि त्याचेही फोटो काढले लोकांनी! मग दुसऱ्यानं खुर्ची उचलली, तिसऱ्यानं काचेची बरणी फोडली कोणाच्या तरी पाठीत, पाव आडवा झाला आणि माणसं त्यावर घसरून पडायला लागली. तेवढ्यात दिवे गेले. एवढ्या दिव्यांना त्या तारा पुरणार कशा? ठप्प. काळोख. आणि काळोखात, बाबा, कोण कोणाला मारतोय हे मारणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. नुसता आवाज. ओल्या कणकेवर हात मारल्यासारखा आवाज, आणि मध्येच कुठं तरी हाड. मी हाडाचा आवाज ओळखतो. माझा धंदा आहे.

आणि त्यातच तुला कोणी तरी चावलं.

हो, माहीत आहे, सांगायची गरज नाही, साऱ्या दुनियेला माहीत आहे! त्याच रात्री तू तुझ्या दंडाचा फोटो टाकलास. काळानिळा दंड, त्यात वर एक कमान, खाली एक कमान, प्रत्येक दात स्वतंत्र उमटलेला. 'ज्यानं केलं त्याला शोधा, मी त्याचा एकेक दात उपटीन.' अरे, काय फोटो होता तो! लोकांनी पुढं पाठवला, त्यांच्या लोकांनी पुढं पाठवला. मी सकाळी डोळे उघडले तर चौदा हजार. चौदा हजार माणसं एका चाव्याकडं बघताहेत! आणि त्या दिवशी माझ्या जबड्याला — पोस्टमास्तरीणबाई होत्या त्या दिवशी — एकोणीस बदाम. एकोणीस. मी बसलो इथंच, या स्टुलावर, आणि तुझा दंड बोटांनी मोठा करून करून बघितला. खालची कमान बघितली. चार दात, मधल्या दोघांत फट, डावीकडचा एक आडवा वळलेला, दारात तिरकं उभं राहिल्यासारखा. मग मी उठलो, फळीवरून एक जबडा काढला, तुझ्या दंडाच्या फोटोशेजारी ठेवून फोटो काढला आणि टाकला. 'ओळखा कोण?' दुसरं काही लिहिलं नाही. नाव लिहिलं नाही. मी कधीच नाव लिहीत नाही.

दहा मिनिटांत पहिली कॉमेंट. 'हा तर बेकरीवाला.' मग दुसरी, 'फट बघा, फट! हसतो तेव्हा दिसते.' मग कोणी तरी उद्घाटनाचा फोटो काढला शोधून, धाकटा पावाशेजारी हसतोय, त्याच्या खालच्या दातांवर लाल गोल केला. मग गोलच गोल. बाण. जोडाजोडी. तो बिचारा लिहीत होता खाली, 'मी फ्यूज बदलायला मागच्या खोलीत होतो, माझ्या हातात टॉर्च होती' — कोण वाचतंय? त्याच्या लिहिण्याला हसणारी तोंडं. आणि माझ्या जबड्याला बावीस हजार. मी अजून मोजत बसलो होतो, आणि दुसऱ्या सकाळी तू घरातून निघालास.

मी नव्हतो तिथं, पण चाळीस जणांनी शूटिंग केलं म्हणजे मी चाळीस ठिकाणी उभा राहून पाहिलं. एकात तू शटरखालून आत येतोस. एकात तो कणीक मळतोय, हात कोपरापर्यंत पांढरे, तुला बघून म्हणतो, 'दादा, बसा, चहा सांगतो'. चहा सांगतो! तू त्याचं डोकं धरून टेबलावर आपटलंस, पिठाचा ढग उठला, आणि एक फोनवाला बाजूनं म्हणतो, 'जरा उजेडाकडं घ्या'. तोंडावर किती मारलेस? मी मोजले सात. आठव्याला तो खाली. मग तू त्याला कॉलरनं ओढत भट्टीपाशी नेलंस, उजवा हात चौकटीवर ठेवलास आणि लोखंडी दार बंद केलंस. एकदा. मग पुन्हा उघडून पुन्हा. तो आवाज मी बंद करून बघतो आता. चाळीस फोन, ऐंशी हात, त्यातला एक हात तरी मोकळा असायला नको का दार धरायला? त्याची बायको आली पुढं. तिच्या हातात फोन नव्हता, भट्टीतून ट्रे ओढायचा गज होता, आणि तिनं तो आडवा घातला तुझ्या तोंडावर. तीन दात. चांगले मुळासकट गेलेत, तिचं काम साफ आहे, मला फारसं घासावं लागणार नाही.

धाकट्याची तीन बोटं चेंगरली, त्यातली दोन वाचली. एक गेलं. मळणाऱ्याचा उजवा हात. आज पाचला सोडताहेत त्याला, आणि तू गेटवर उरलेल्या हातासाठी उभा राहणार आहेस. त्याची बायको दोन दिवस पोलिसचौकीत बसून आली, ते म्हणाले, काही झालं की या. अजून काही व्हायचंय म्हणे त्यांच्या मते.

ऊं ऊं करू नकोस. चार मिनिटं झाली म्हणतोस? झाली की. बारा झाली. ओढतोस काय, ओढू नको! हात खाली! निघत नाही ना? निघणारच नाही. ऐक आता शांतपणे, आणि डोळे असे काढू नकोस, माझ्याकडं डोळे बसवायचं काम होत नाही. नेहमी मी तो गुलाबी मसाला घालतो, रबरासारखा, टचकन निघतो. आज नाही घातला. आज घातलंय उस्तादाच्या वेळचं प्लास्टर. हे दगड होतं. तुझे मागचे दात आत वळलेले आहेत, त्यांच्या खाली जाऊन बसलंय ते. जोरानं ओढलंस तर प्लास्टर निघेल, पण दातही त्याच्याबरोबर येतील. बारकी हातोडी घेऊन, बरोबर जागा बघून टिचकावं लागतं, तुकडे करून काढावं लागतं, आणि ती जागा मला ठाऊक आहे. तुला नाही. झाली की नाही गंमत? पंचेचाळीस वर्षांत एवढी चांगली चेष्टा मी कोणाची केली नव्हती. मारायचं तर मार — ती मूठ कळते मला — पण मला मारलंस तर हातोडी कोण धरणार? नळवाला?

बस. बस लेका. तुझा फोन थरथरतोय, गेटवरची मंडळी विचारत असतील कुठं पोचलास. बघायचं नाही. इकडं बघ. हा तो जबडा. तोच, फोटोतला. हातात घे. आता उलटा कर. खाली काय कोरलंय वाच. वाच मनात. धाकट्याचं नाव आहे? नाही. त्याच्या बापाचं आहे. आणि वर्ष बघ. थोरल्याचा जबडा आहे तो. थोरला जाऊन सहा वर्षं झाली.

धाकटा या खुर्चीवर आजवर बसलेला नाही. त्याचे दात त्याचे स्वतःचे आहेत — होते. मी थोरल्याचा टाकला, कारण म्हटलं, मेलेल्याला कोण काय करणार? गंमत होईल, लोक डोकं खाजवतील, मग संध्याकाळी मी सांगीन, अरे वेड्यांनो, हा तर गेलेला माणूस, तो काय चावायला येणार! हसतील सगळे. एवढंच होतं डोक्यात. पंचेचाळीस वर्षं जबडे हातात घेतले आणि एवढं कळलं नाही मला की दात बापाचे पोराला जातात. तीच फट. तोच आडवा दात. अरे, जो माणूस हजार तोंडांत वाकून बघतो त्यानं हे विसरावं? शेत जातं हे विसरलो नाही, घर जातं हे विसरलो नाही, बेकरी तर गेलीच त्याला वारशात, पण दातही जातात हे विसरलो. आणि संध्याकाळी मी सांगितलं नाही. बावीस हजारांचे एकतीस झाले होते. म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी तू ते भट्टीचं दार बंद केलं होतंस. मग कसा सांगू? तीन आठवडे झाले. रोज लिहितो, रोज पुसतो. बोट त्या 'पाठवा'वर जातं आणि वाटतं, हे गेलं की सगळे बदाम परत घेतील. हसतोस? नाही, हसत नाहीस. मीही नाही.

तर धाकटा नाही, हे तुला कळलं. बस एवढंच सांगायचं होतं. आता मी टिचकावतो, तू गेटवर जा, सांग त्यांना — मेलेल्याचा जबडा होता, माणूस चुकला, घरी जा. मिटलं.

काय? असं काय बघतोस? दंड का दाखवतोस? हां. जुळला कसा म्हणतोस. जबडा मेलेल्याचा, तर खुणेशी हुबेहूब जुळला कसा. आता ते काय — जुळलं असेल. योगायोग. लोक काय, ढगातही बैल बघतात. फट काय एकाच्याच दातात असते? काळोखात शंभर माणसं होती, कोणीही असेल, जीव गुदमरला की माणूस काय करेल सांगता येतं का? छातीवर शंभर किलोचा गुडघा आणि तोंडावर तो दंड, शर्टाला ते वेल्डिंगच्या जळक्या जस्ताचं गोडसर काही तरी, तीन दिवस माझ्या चहाला तीच चव —

लागत होती.

बरं. बरं, झालं. उचलली जीभ. उस्ताद म्हणायचा, तुझ्या तोंडाचा साचा घेऊन ठेवला पाहिजे, कायमचा. कॉलर सोडू नको, धरून ठेव, पण जरा सैल धर, आता अर्ध्यात थांबत नाही.

मीच. मी पण गेलो होतो पावाबरोबर फोटो काढायला. पावाच्या तोंडात कवळी बसवून, 'ओळखा कोण' करणार होतो. दिवे गेले, मी खाली पडलो, आणि माझ्यावर तू. तुला ठाऊकही नव्हतं खाली कोणी आहे. तू गुडघा माझ्या छातीवर रोवून वर कोणाचं तरी डोकं हाणत होतास, आणि दर फटक्याला माझ्या बरगड्या वाजत होत्या. श्वास येईना. ओरडायला हवा नाही. डोळ्यांपुढं बायको दिसायला लागली, म्हणत होती, या, जबडे आणलेत का? तेवढ्यात तुझा दंड आला तोंडापाशी. चावलो. जेवढे दात आहेत तेवढ्यांनी. तू उसळलास, मी सुटलो, टेबलाखालून रांगत घरी. जगलो. त्याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही, सांगून ठेवतो, मरत होतो मी. पण दुसऱ्या दिवशी माझं काम, माझ्या हातचं काम, चौदा हजार लोकांनी पाहिलं आणि मला कोणाला सांगता येईना की हे मी घडवलंय — हे मला सहन झालं नाही बघ. असला हलकट म्हातारा आहे मी.

कारण हे दात — हे, माझ्या तोंडातले — मी बनवले थोरल्याच्या जबड्यावरून. सरळ दात खोटे दिसतात. आणि तो मेला तेव्हा मला वाटलं, असं हसणं परत बघायला मिळणार नाही. पन्नास वर्षांचा दोस्त. आम्ही दोघांनी मिळून सरस लावला होता त्या खुर्चीला, मार त्यानं एकट्यानं खाल्ला. तर मी त्याची फट घेतली, त्याचा आडवा दात घेतला, आरशात बघून हसायचो. म्हणून जुळलं. त्याचेच दात तुला चावले आणि त्याच्याच पोराचं बोट गेलं, आणि मधे मी बदाम मोजत बसलेला.

बाही वर कर. कर रे, विश्वास नाही ना तुझा? बरोबर आहे तुझं, माझ्यावर कोणी ठेवू नये. दंड इकडं आण —

बघितलंस? बसले की नाही? प्रत्येक दात आपापल्या खड्ड्यात. तुझ्या फोननं काढ फोटो. माझे हात तुझा दंड धरण्यात अडकलेत, तू काढ. माझा चेहरा येऊ दे, दंड येऊ दे. पुन्हा धरतो —

आला? नीट आला? टाक. आता नाही कोणाला विचारायचं ओळखा कोण, सरळ माझं नाव घाल. गेटवरचे दीडशे जण आधी हाच बघतील, आणि धावत इकडं येतील. येऊ देत. माझ्या दारातल्या या बोळात एका वेळी दोनच माणसं उभी राहतात, बाकीच्यांना लांबूनच शूटिंग करावं लागेल. बिचारे.

आता आ कर. मोठा. ही हातोडी. हलू नको — टिच. हे एक. थुंक. टिच. दोन. हे बघ, कसं बाहेर आलं, एक दात दुखला का? नाही दुखला. चूळ भर. पाच वाजायला अकरा मिनिटं आहेत, हे घड्याळ बरोबर आहे, मघाशी खोटं बोललो. पहिला शब्द माझ्यावर वाया घालवू नको. आधी फोन लाव गेटवर, तुझं ऐकतील ते. 'तो नाही' म्हण. दोनच शब्द आहेत, दातांशिवाय जमतात. पिशवी मग उघड, मी कुठं जात नाही, दार तुझ्या पाठीशी आहे.

थांब, एकच. हे दात काढून ठेवू दे बाजूला, या फडक्यात. थोरल्याचे आहेत. यांना लागायला नको. आणि दात काढले की मी कोणाशी बोलत नाही, बायकोशीही बोललो नाही कधी, लाज वाटते. तेव्हा आता तू बोल.